संशयवाद्यांची दोन घराणी, आणि घरातला एकच प्रश्न घेऊन दोन्ही कशी चालवून बघायची

दिवाळी उरकली की आमच्या खान्देशात घरोघरी एकच विषय असतो, कापूस आत्ता द्यायचा की ठेवायचा. आमच्या धाब्याच्या घरात मागची खोली छताला टेकेपर्यंत भरलेली, आबा म्हणतात होळीपर्यंत थांबा, काका म्हणतात व्यापारी गाडी घेऊन ओट्यापाशी उभा आहे तर काटा लावा आणि मोकळे व्हा, पडून पडून वजन घटतं आणि पोरांच्या अंगाला खाज सुटते ती वेगळीच. दोघंही अगदी खात्रीने बोलतात. मी तेव्हा ग्रीक संशयवाद वाचत होतो आणि खरं सांगतो, अकॅडमीवाले (प्लेटोच्या शाळेतले) आणि पिऱ्होवाले (पिऱ्हो नावाच्या तत्त्वज्ञाच्या मागचे) यांच्यातला फरक मला काही केल्या कळत नव्हता, दोघंही "कशावरून?" एवढंच विचारतात, मग एकमेकांशी भांडण कसलं? तो कळला याच कापसाच्या प्रश्नावर दोन्ही पद्धती वहीत चालवून बघितल्यावर. तुम्हालाही तसाच कळेल म्हणून ही पद्धत सविस्तर लिहितोय.

प्रश्न कुठला घ्यायचा

"जग खरं आहे का" असला प्रश्न घेऊ नका, त्याच्यावर तुमचं काही अडलेलं नसतं आणि मग दोन्ही घराणी सारखीच दिसतात. ज्याच्यावर झोप उडते असा घ्या. कापूस, केळीची कांदेबाग लावायची की मृगबाग, पोराला सायन्सला घालायचं की नाही, काहीही चालेल, फक्त दोन्ही बाजूंना शहाणी माणसं उभी असली पाहिजेत.

मग वहीचं पान मधोमध दुमडा आणि दोन्ही बाजू लिहा, आणि इथेच बहुतेक जण चुकतात, आपल्याला न पटणारी बाजू पातळ करून लिहितात. तसं चालत नाही. ही पहिली पायरी दोन्ही घराण्यांत सामाईक आहे आणि तिचा उस्ताद म्हणजे अकॅडमीचा प्रमुख कार्निआडीस. इ.स.पू. १५५ मध्ये अथेन्सने तीन तत्त्वज्ञ रोमला दूत म्हणून पाठवले, ओरोपस गाव लुटल्याबद्दल अथेन्सला ५०० टॅलेंट दंड झाला होता तो कमी करून घ्यायला. त्यात हा कार्निआडीस होता, सोबत एक स्टोइक आणि एक ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला. तिथे त्याने एक दिवस न्यायाच्या बाजूने व्याख्यान दिलं आणि दुसऱ्या दिवशी उभं राहून न्यायाच्या विरुद्ध, आणि दोन्ही वेळा लोकांना पटलं! रोमची तरुण पोरं वेडी झाली, तिथला वजनदार पुढारी म्हातारा केटो मात्र अस्वस्थ झाला, त्याने सिनेटला सांगितलं की यांचं काम लवकर उरका आणि यांना घरी पाठवा. तर तुमचं पान तसं झालं पाहिजे. आबांची बाजू आबांनी वाचली तर त्यांनी मान डोलावली पाहिजे, काकांची काकांनी.

दोघं मिळून कोणावर तुटून पडले होते

हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अथेन्समध्ये झीनो नावाच्या माणसाने स्टोइक मत चालवलं होतं आणि स्टोइकांचं म्हणणं असं की काही अनुभव इतके स्वच्छ असतात की ते खोटे असूच शकत नाहीत, त्यांना मान्यता दिली की ज्ञान पक्कं. झीनो हे हाताने करून दाखवायचा असं रोमन लेखक सिसेरो सांगतो: उघडा तळहात म्हणजे नुसता अनुभव, बोटं जरा वाकवली की मान्यता, मूठ आवळली की पकड, आणि त्या मुठीवर दुसरा हात घट्ट दाबला की ते खरं ज्ञान, आणि ते फक्त ज्ञानी माणसाकडेच.

प्लेटोची अकॅडमी इ.स.पू. २६८ च्या सुमारास आर्केसिलाउसच्या हातात आली आणि तो याच मुठीच्या मागे लागला. त्याचं म्हणणं सोपं आहे, तुमच्या खऱ्या अनुभवासारखाच हुबेहूब दिसणारा खोटा अनुभव असू शकतो, मग आतून तुम्ही ओळखणार कसं? जुळी भावंडं, दोन अंडी. स्टोइकांकडून उलटं उत्तर असं की डेलोस बेटावर असे कोंबडीपाळ होते की अंडं बघून कुठल्या कोंबडीचं ते सांगायचे, म्हणजे सराव असला की फरक ओळखता येतो. आपल्याकडे हेच रोपांत बघा, दोन लॅबची टिश्यूकल्चर केळीची रोपं ट्रेमध्ये शेजारी ठेवली तर मला ओळखता येत नाहीत, रावेर-यावलकडचा जुना केळीवाला मात्र पान चोळून सांगेल. तो बरोबर सांगतो की नाही हा मुद्दाच नाही, बरोबर सांगताना आणि चुकताना त्याला आतून सारखीच खात्री वाटते, हा मुद्दा आहे. वहीत तुमच्या प्रश्नाखाली एवढंच लिहा: "मागच्या वेळी चुकलो तेव्हाही मला इतकीच खात्री होती का?" आमच्या घरात उत्तर हो असं होतं.

इथपर्यंत दोन्ही घराणी एकत्र. इथून रस्ता फुटतो.

अकॅडमीची वाट: वजन करायचं

स्टोइकांचा टोला होता की कशालाच मान्यता देत नाही तर जगणार कसे, जेवणार कसे, दाराऐवजी भिंतीतून जाणार का? कार्निआडीसचं उत्तर मला फार शेतकरी वाटतं. खात्री नसली तरी सगळं सारखं नसतं, काही गोष्टी पटण्यासारख्या असतात, काही कमी पटण्यासारख्या. त्याचा ग्रीक शब्द पिथानॉन, म्हणजे पटण्याजोगं. आणि पटण्याच्या त्याने पायऱ्या केल्या. पहिली, नुसतं पटतंय. दुसरी, पटतंय आणि आजूबाजूचं काही त्याच्या विरोधात जात नाही. तिसरी, एकेक गोष्ट तपासून झाली आणि तरी पटतंय.

याचं उदाहरण दोरीचं आहे. अंधाऱ्या खोलीत वेटोळं दिसलं, साप वाटला, माणूस उडी मारून बाहेर पळाला. मग परत आला, बघितलं तर हलत नाही, म्हणजे दोरी असेल. पण थंडीत साप गारठून निपचित पडतो, म्हणून काठीने टोचून बघितलं आणि मग ठरवलं, दोरी आहे. आपल्याकडे रज्जू-सर्प म्हणजे अद्वैतवाल्यांचा दृष्टांत, तिथे दोरी कळली की सापाचा भ्रम कायमचा गेला. कार्निआडीसला कायमचं काही नकोय, त्याला काठी हवीये. ज्याने हिवाळ्यात लाईट गेलेली असताना कापसाच्या खोलीत हात घातलाय त्याला ती काठी लगेच कळेल.

आता कापसावर लावा. "होळीपर्यंत भाव चढेल" हे पटतंय? ठीक, पहिली पायरी. आता आजूबाजूचं बघा, जिनिंगवाले काय भावाने उचलतायत, सरकीचा भाव काय, आवक किती, गावात अजून किती घरं भरलेली आहेत. यातली एक जरी गोष्ट उलटी बोलत असली तरी तुम्ही दुसऱ्या पायरीवर नाही, हे मान्य करा. तिसऱ्या पायरीला साक्षीदारच तपासायचा: हे सांगितलं कोणी, त्याने स्वतः मार्केट बघितलं का मोबाईलवर आलेलं पुढे ढकललं, किती दिवसांपूर्वीचं आहे, त्याचा स्वतःचा माल घरात आहे का. ग्रीकांनीही अशीच यादी दिलीये, बघणारा कसा, वस्तू कशी, अंतर किती, मध्ये काय, वेळ कुठली.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट ही की तिसरी पायरी दरवेळी चढायची नाही. किरकोळ बाबीला एक साक्षीदार पुरे, मोठ्या बाबीला जास्त, आणि त्याहून मोठ्या बाबीला त्या साक्षीदारांनाच एकमेकांविरुद्ध तपासा. आणि वेळच नसेल तर पहिल्या पायरीवर काम करायचं, मागे शत्रू लागलेला माणूस खंदकात लपायला जातो आणि आत कोणी दबा धरून बसलंय असं वाटलं तर तो तिथे तपास करत बसत नाही, सरळ दुसरीकडे वळतो. भाजीच्या जुडीला वही काढू नका आणि वर्षभराच्या कापसाला एका मेसेजवर काढू नका, अकॅडमीची पद्धत रोज वापरायची तर एवढं सांभाळलं की झालं.

या घराण्यात आत पण भांडण आहे ते थोडक्यात सांगतो. कार्निआडीसने काही लिहिलं नाही. त्याचा शिष्य क्लायटोमाकस, मूळचा कार्थेजचा, त्याने ४०० च्या वर पुस्तकं लिहिली असं म्हणतात आणि तरी तो म्हणायचा की गुरुजींना स्वतःला काय मान्य होतं ते मला कधी कळलं नाही. एक गट म्हणाला, पटणं म्हणजे नुसतं त्या मागे चालणं, मान्यता नाही. दुसरा म्हणाला, चुकू शकतो हे लक्षात ठेवून मान्यता द्यायला हरकत नाही. लारिसाचा फायलो हळूहळू त्या मवाळ बाजूला सरकला, इ.स.पू. ८८ मध्ये युद्धामुळे अथेन्स सोडून रोमला गेला, तिथे सिसेरोने त्याला ऐकलं, आणि त्याचाच शिष्य अँटिओकस तर सरळ उठून जवळपास स्टोइकांच्याच बाजूला गेला.

पिऱ्होची वाट: वजनच करायचं नाही

पिऱ्हो एलिस गावचा, इ.स.पू. ३६० च्या आसपास जन्मलेला, अनाक्सार्कस नावाच्या तत्त्वज्ञासोबत सिकंदराच्या स्वारीबरोबर थेट भारतापर्यंत आला होता आणि इथल्या नग्न साधूंना भेटला होता. त्यानेही काही लिहिलं नाही. त्याच्याबद्दल कथा खूप, गाड्याखाली येऊ नये म्हणून मित्र सोबत चालायचे वगैरे, ती मला खरी वाटत नाही, कारण त्याच परंपरेतला ईनेसिडेमस सांगतो की तो रोजच्या जगण्यात बेसावध नव्हता, आणि माणूस नव्वदीपर्यंत जगला. मला पटतात त्या साध्या गोष्टी, बहिणीसोबत राहायचा, कोंबड्या बाजारात विकायला न्यायचा, डुक्कर धुवायलाही लाजायचा नाही. एकदा कुत्रं अंगावर आलं तर दचकला आणि म्हणाला, माणूसपण पूर्ण काढून टाकणं अवघड आहे.

पुढे दीडदोनशे वर्षांनी, इ.स.पू. पहिल्या शतकात या ईनेसिडेमसने पिऱ्होच्या नावाने घराणं नव्याने उभं केलं, कारण त्याच्या काळची अकॅडमी त्याला मवाळ वाटली. त्याचा टोला प्रसिद्ध आहे: हे अकॅडमीवाले म्हणजे स्टोइकांशी भांडणारे स्टोइक. त्याने संशयाच्या दहा रीती बांधल्या, त्यातल्या बऱ्याच आपण रोज बघतो. लांबून मनोरा गोल दिसतो, जवळून चौकोनी. वाळूचा एक कण खरखरीत, ढीग मऊ. आजारी माणसाला गोड कडू लागतं. आमच्या शेवभाजीचंच घ्या, पुण्याच्या पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आणि आमच्या घरची पोरं म्हणतात आज फिकी झालीये, मग भाजी "मुळात" किती तिखट? दोघांपैकी एकाची जीभ खरी धरायला आधार काय?

पण कापसाच्या प्रश्नावर जास्त धार आहे ती याच घराण्यातल्या अग्रिप्पाच्या पाच रीतींना. ही वहीत लिहून करा. "भाव चढणार." कशावरून? "गेल्या साली चढला होता." गेल्या सालचं यंदाला लागू कशावरून? "पाऊसमान सारखं आहे." पावसावर भाव ठरतो कशावरून? याला शेवट नाही, एका कारणामागे दुसरं कारण, ही पहिली फसगत. कंटाळून माणूस म्हणतो "मला माहितीये, बस", म्हणजे नुसतं गृहीत धरलं, ही दुसरी, कारण समोरचा तेवढ्याच जोरात उलटं गृहीत धरू शकतो. तिसरी गोल फिरण्याची: मोठे व्यापारी माल दाबून बसलेत म्हणजे भाव चढणार, आणि ते माल का दाबून बसलेत, तर भाव चढणार आहे म्हणून! हे मी गावात किती वेळा ऐकलंय आणि स्वतः किती वेळा बोललोय. उरलेल्या दोन म्हणजे शहाण्यांमध्येच मतभेद असणं आणि प्रत्येकाला आपल्या जागेवरून तसं दिसणं, ज्याला सोसायटीचं कर्ज भरायचं आहे त्याला भाव पडताना दिसतो, ज्याला घाई नाही त्याला चढताना.

हे सगळं दोन्ही बाजूंना सारख्याच कडकपणे लावायचं, फक्त काकांच्या बाजूला लावून थांबलात तर तो संशयवाद नाही, ती वकिली झाली. दोन्ही बाजू समसमान दिसायला लागल्या की थांबायचं. निर्णय बाजूला ठेवायचा, त्याला ते एपोखे म्हणतात. आणि मग जे होतं ते ओढून आणता येत नाही. सेक्स्टस एम्पिरिकस, पेशाने वैद्य, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा, ज्याच्यामुळे या घराण्याचं सगळं आपल्यापर्यंत आलं, तो ॲपेलीस चित्रकाराची गोष्ट सांगतो. घोड्याच्या तोंडाचा फेस काही केल्या जमेना, वैतागून त्याने ब्रश पुसायचा बोळा चित्रावर फेकून मारला, आणि फेस बरोबर उमटला. मनाची शांती तशीच येते म्हणे, शोधायची सोडली की मागून, सावलीसारखी.

मग जेवायचं कसं, कापसाचं करायचं काय? सेक्स्टस चार गोष्टी सांगतो ज्यांच्या आधाराने चालायचं: निसर्गाने दिलेली इंद्रियं आणि विचार, भूक-तहान, गावाचा रिवाज आणि कायदा, आणि शिकलेला धंदा. म्हणजे पिऱ्होवाला शेतकरी कापूस विकतोच, पण तो रिवाजाने आणि धंद्याच्या सवयीने विकतो, "हाच खरा भाव" असं मत मनात न बांधता.

फरक कानाने ओळखायचा

आमच्या अहिराणीत हा फरक फार सोपा होतो. "गूळ गोड शे" आणि "गूळ गोड लागस". शे म्हणजे आहे, लागस म्हणजे लागतो. सेक्स्टस म्हणतो मध गोड लागतो हे आम्ही मानतोच, गोड आहे का हा प्रश्न. तर पिऱ्होवाला कायम "लागस", "दिखस" मध्ये बोलतो, स्टोइक "शे" मध्ये, आणि अकॅडमीवाला म्हणतो "शे का नाही ते सांगता येत नाही, पण असावं असं जास्त पटतं". एखादा उतारा वाचताना कोणाचा आहे कळत नसेल तर हे लावून बघा. वजन केलेलं दिसलं तर अकॅडमी, समसमान ठेवून सोडून दिलेलं दिसलं तर पिऱ्हो.

सेक्स्टसचा अकॅडमीवर आणखी एक आरोप आहे, की ते "काहीच कळू शकत नाही" असं ठासून सांगतात आणि हे ठासून सांगणंही एक मतच झालं, खरा संशयवादी तो जो अजून शोधतोय. आरोप छान आहे पण मला तो आर्केसिलाउसवर अन्याय वाटतो, कारण सिसेरोच्या सांगण्यानुसार तो म्हणायचा की काही कळत नाही एवढंसुद्धा मला कळलेलं नाही. प्रतिस्पर्ध्याने केलेलं वर्णन वाचताना दोन्ही घराण्यांची हीच पद्धत त्या वर्णनाला पण लावा.

आणि एक सावधगिरी. आपल्याकडे "काय माहीत भो" म्हणून विषय टाळायची सवय आहे, तो संशयवाद नव्हे. बुद्धाच्या काळात संजय बेलट्ठिपुत्त नावाचा आचार्य होता, परलोक आहे का विचारलं तर म्हणायचा, आहे असं म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही, दोन्ही आहे असंही नाही. पुढे बुद्धाचे पट्टशिष्य झालेले सारिपुत्त आणि मोग्गल्लान आधी त्याचेच शिष्य होते. बौद्ध ग्रंथांत असं बोलणाऱ्यांना जे नाव दिलंय त्याचा अर्थ वाम माशासारखे निसटणारे असा लावतात, तापीत ज्याने वाम हाताने धरून बघितलाय त्याला उपमा कळेल. त्या ग्रंथांचा आक्षेप असा की काही जण चुकण्याच्या भीतीने असं बोलतात. संजयच्या बाजूने लिहिलेलं काहीच उरलेलं नाही म्हणून त्याच्यावर मी निकाल देणार नाही, पण स्वतःला विचारा, मी थांबलोय ते दोन्ही बाजू लिहून थांबलोय का नुसता निसटतोय? वही कोरी असेल तर निसटताय.

दुसरी सावधगिरी घरातली. अग्रिप्पाच्या रीती आबांवर तोंडी चालवू नका. मी एकदा चालवल्या, ते जेवणावरून उठून गेले आणि मला अजून वाईट वाटतं. सेक्स्टस सांगतो की संशयवाद्याला माणसांबद्दल माया असते, तो वैद्यासारखा आजार बघून औषधाची मात्रा ठरवतो, सौम्य दुखण्याला सौम्य. आधी हे वाचलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या कापसाचं म्हणाल तर पैशाचा भाग मी कार्निआडीसच्या पद्धतीने केला, तिसरी पायरी गाठता आली नाही म्हणून कृषी केंद्राची उधारी आणि सोसायटी भागेल एवढाच माल दिला आणि बाकीचा ठेवला. पिऱ्होची पद्धत कामी आली ती त्यानंतर, रोज रात्री भावाचे मेसेज बघून जो जीव वर-खाली व्हायचा तिथे. दोन्ही बाजू समोरासमोर लिहिलेलं ते पान काढून वाचायचो आणि झोप लागायची.

वाचायचं असेल तर क्रम असा ठेवा: आधी सेक्स्टसच्या "पिऱ्होवादाची रूपरेषा" या ग्रंथाचा पहिला भाग, मग सिसेरोने इ.स.पू. ४५ मध्ये लिहिलेलं "अकॅडमिका", ते अर्धवटच उरलंय आणि नावांची गर्दी आहे म्हणून आधी घेऊ नका. अमळनेरजवळ राहत असाल तर प्रताप शेठजींनी १९१६ साली काढलेलं तत्त्वज्ञान मंदिर तिथेच आहे, एकदा जाऊन या. दोरीचं उदाहरण पहिल्या भागाच्या शेवटाकडे, २२७ व्या परिच्छेदापाशी येतं, तिथे वही उघडी ठेवूनच बसा.